वाळत घातलेला पगार

तीर्थरूप मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नुसता लिहिलेला नाही, खरोखर घातलेला आहे. पत्र लिहायला बसण्याआधी तुझं घर कोणत्या दिशेला असेल याचा अंदाज घेऊन ओल्या चादरींच्या ढिगाशेजारी आडवा झालो. ड्रायरवाल्याला वाटलं मला घेरी आली, त्याने धावत येऊन बादलीभर पाणी ओतलं. तेव्हा कागदावरचे डाग अश्रूंचे समजू नकोस.)

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय, म्हणजे तू दिवसातून चार वेळा चढत असशील. काकांचा खोकला थांबला का? नसेल थांबला तर माझ्या ओळखीचे एक औषधवाले आहेत. (माझी चौथी नोकरी. त्यांच्याकडे खोकी मोजायचो. अकरा दिवस मोजली. बाराव्या दिवशी त्यांनी स्वतः मोजून पाहिली.) मी इथे खुशाल आहे. नोकरीही आहे. निदान पहिल्या तारखेपर्यंत तरी आहे, आणि हे पत्र त्याच संदर्भात आहे, पण घाबरू नकोस, हळूहळू सांगतो.

आमच्या मालकीणबाई म्हणजे तुझी शाळेतली मैत्रीण. तुझ्या शब्दावर त्यांनी मला ठेवलं, आणि तू मला निघताना बजावलं होतंस की ही दहावी जागा आहे, इथून निघालास तर पुन्हा कुणाकडे माझं नाव सांगू नकोस. ते मी विसरलेलो नाही. गेल्या सोमवारी मालकीणबाईंनी रागाच्या भरात तुला फोन केला असेल. त्या जे बोलल्या त्यातलं निम्मं खरं आहे. लॉन्ड्री बंद पडली हे खरं. ती मी बंद पाडली हे खरं नाही. मी फक्त एक कागद दोरीवर टांगला.

आता आधी लॉन्ड्री समजून घे. आम्ही घरगुती कपडे घेत नाही. छोट्या छोट्या लॉजच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल, एवढंच. (टॉवेलांविषयी मला पुष्कळ लिहायचं आहे. लोक लॉजच्या टॉवेलाला काय काय पुसतात हे कळलं तर तू कधी घराबाहेर मुक्काम करणार नाहीस. पण ते पुन्हा केव्हातरी.) एकूण आम्ही सहा जण. इस्त्रीच्या रोलरवर थोरल्या बाई, इथे एकोणीस वर्षं जुन्या, त्यांनी डोळे वटारले तर चादरीची सुरकुती आपोआप जाते. मग हा पाणी ओतणारा ड्रायरवाला. मग माल पोचवणारा गाडीवाला, जो दर वाक्याआधी हॉर्न मारल्यासारखा खाकरतो. मग घड्या घालणाऱ्या दोघी बहिणी, ज्या समोरासमोर उभ्या राहून चादर झटकतात तेव्हा मध्ये माणूस सापडला तर त्याचीही घडी होईल. आणि शेवटी मी, मळक्या कपड्यांना नंबर लावणारा.

मालक माणूस मोठा मऊ. आवाज कधी चढवत नाहीत, सगळं कुजबुजून बोलतात, अगदी 'साबण संपला' हेसुद्धा कानाशी येऊन सांगतात. त्यांचा हिशेब पाहायचा असेल तर गल्ल्यामागे एक तार आहे. कुणी उचल घेतली, कुणी दांडी मारली, कुणी रविवारी येऊन काम केलं, की मालक धुलाईच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहितात आणि तारेला टोचतात. महिनाअखेर तार उतरवायची, बेरीज वजाबाकी करायची, पाकिटं भरायची. अठरा वर्षं हे बिनतक्रार चाललं होतं. (एकोणीस वर्षांपूर्वी तारही नव्हती. थोरल्या बाई सांगतात की तेव्हा मालक सगळं तळहातावर लिहायचे आणि लॉन्ड्रीतच हात धुवायचे.)

विघ्न आलं ते ऐंशी खोल्यांच्या एका हॉटेलच्या रूपाने. त्यांनी कळवलं, आमचा सगळा माल तुम्हाला देतो, पण आमच्या कंपनीचा नियम आहे, तुमची माणसं कागदावर पाहिजेत. हजेरीपट पाहिजे, पगारपत्रक पाहिजे, फंड भरल्याच्या पावत्या पाहिजेत. पहिल्या तारखेला आमचा माणूस येईल आणि बघेल. ऐंशी खोल्या म्हणजे एकशेसाठ चादरी रोज! मालकांनी ताबडतोब एका सल्लागारांना बोलावलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून त्यांच्यासमोर मला बसवलं. मी म्हटलं, मालक, माझी आणि शाळेची ताटातूट नववीत व्याजाच्या गणितापाशी झाली. मालक कानाशी येऊन म्हणाले, "अक्षर तर तोवर आलं होतं ना?"

सल्लागार तासावर पैसे घेतात. मालकांनी त्यांना अर्धा तास घेतला. त्या अर्ध्या तासात मला जे समजलं ते तुला सांगतो, उद्या तू लोणच्याबिणच्याचा कारखाना काढलास तर उपयोगी पडेल. पगार म्हणजे पाकीट नव्हे. एका टोकाकडून एकूण पगार नावाचा धष्टपुष्ट गृहस्थ निघतो. वाटेत फंड त्याचा कोट उतरवून घेतो, विमा टोपी घेतो, कर लागू असेल तर तो छत्री मागतो, आणि दुसऱ्या टोकाला हातात येणारा पगार नावाचा एक सडपातळ इसम पोचतो. हे दोघे एकच आहेत असं ज्या कागदावर सिद्ध करावं लागतं त्याला पेरोल म्हणतात.

मालकांना कपात ही कल्पना फार आवडली. त्यांनी विचारलं, म्हणजे कापलेले पैसे माझ्याकडे राहणार? सल्लागार म्हणाले, नाही, ते तारखेच्या आत भरायचे, आणि फंडात तेवढेच तुमच्या खिशातून घालायचे. मालकांनी पाणी मागितलं. मग तासांचा विषय निघाला. आठ तासांच्या वर काम झालं तर त्याचा दर वेगळा, असं सल्लागारांनी सांगितल्यावर मालक म्हणाले, "आमच्याकडे तास कुणी मोजत नाही हो. घरचीच माणसं."

"घरच्या माणसांना किती वाजता सोडता?"

"काम संपलं की."

"काम किती वाजता संपतं?"

हा प्रश्न मालकांना आजवर कुणी विचारला नव्हता, आणि उत्तर शोधताना त्यांनी थोरल्या बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला जरा अपराधी वाटली. तेवढ्यात सल्लागारांनी घड्याळ बघितलं. त्यांचं शेवटचं वाक्य असं होतं: "आणि पगाराचा तपशील प्रत्येक कर्मचाऱ्याला दिसलाच पाहिजे, मात्र..." इथे अर्धा तास संपला. त्यांनी बॅग उचलली. मालक दारापर्यंत गेले, पण पुढच्या वाक्याचा दर ऐकून परत आले. मावशी, एवढं एकच लक्षात ठेव, की पुढे जे रामायण झालं ते त्या न घेतलेल्या अर्ध्या वाक्यामुळे झालं.

आता आमच्या पगाराच्या दिवसाविषयी. धुतलेल्या चादरींची एक कोठी आहे, छतापर्यंत फळ्या, मध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. पगाराच्या दिवशी मालक तिथे जाऊन उभे राहतात आणि एकेकाला बोलावतात. दार लोटून घेतात. पाकीट हातात देतात आणि कानाशी येऊन कुजबुजतात, "तुझं वेगळं आहे हं. आत दोनशे विशेष घातलेत. बाकीच्यांना बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल." माझा पहिला पगार झाला तेव्हा मलाही हे सांगितलं. मला येऊन एकच महिना झाला होता! मी त्या कोठीतून बाहेर आलो तो छाती पुढे काढून. आठवडाभर मी बाकीच्या पाच जणांशी फार प्रेमाने वागलो. माणसाला आपलं जास्त आहे असं कळलं की तो किती चांगला होतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

तर मी तार उतरवली आणि चिठ्ठ्या मांडल्या. दोन दिवस गणित केलं. उचल, दांड्या, रविवार बाजूला काढले की मागे जो मूळ आकडा उरतो तो सहाही जणांचा सारखाच यायला लागला. मला वाटलं, हे नववीचं पाप बोलतंय. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा नंबर लावायचे सहा बिल्ले टेबलावर ठेवून माणशी मोजलं. तरी तेच. एकोणीस वर्षं काम केलेल्या थोरल्या बाईंचा पगार आणि महिन्याभरापूर्वी आलेल्या माझा पगार एकच, आणि पुढे सहाही जणांना दोनशे 'विशेष'. मी मालकांना विचारलं तर ते फार वेळ गल्ल्याच्या कुलपाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "कुणाला कमी द्यायचं जिवावर येतं रे. आणि जास्त द्यायला आहेत कुठे?" मला त्यांची दया आली, आणि थोरल्या बाईंचा आकडा लिहिताना लाजही वाटली. पण माझं काम अक्षर काढायचं होतं. ते मी काढलं.

सल्लागार म्हणाले होते, प्रत्येकाला दिसलाच पाहिजे. सहा जणांसाठी सहा कागद कशाला वाया घालवा? मी एका मोठ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात तक्ता काढला. नाव, दिवस, मूळ, विशेष, कपात, हातात. इतका देखणा झाला की मला माझाच अभिमान वाटला. सोमवारी सकाळी तो इस्त्रीच्या खोलीत, दोन चादरींच्या मधोमध, सहा चिमटे लावून दोरीवर टांगला. आणि जरा लांब उभा राहिलो, कौतुक ऐकायला.

एकेकजण येऊन आपली ओळ शोधू लागला. मागे रोलरचा घरघराट. मग गाडीवाला खाकरला आणि म्हणाला, "हा म्हणजे माझ्यापुरता छापलाय ना? बाकीच्यांच्या रकान्यात चुकून माझाच आकडा पडलाय." ड्रायरवाला म्हणाला, चुकून तुझा नाही, माझा पडलाय. मग थोरल्या बाईंनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं, शेवटच्या ओळीवर म्हणजे माझ्यावर आल्या, आणि रोलर बंद केला. मावशी, तो रोलर मी कधी बंद झालेला ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "काल आलेलं हे पोर आणि मी एका भावात?"

तुला वाटेल पगार कमी आहे म्हणून भांडण झालं. छे! कमी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, त्याबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती. सारखा आहे, हे कुणाला सोसेना. कारण हळूहळू बाहेर काय आलं ते ऐक. थोरल्या बाई रोज डब्यात दोन घास जास्त आणून ड्रायरवाल्याला द्यायच्या. का, तर बिचाऱ्याला आपल्यापेक्षा कमी मिळतं. ड्रायरवाला रोज बाईंची जड टोपली उचलून द्यायचा. का, तर म्हातारीला आपल्यापेक्षा कमी मिळतं. गाडीवाला दोघी बहिणींना संध्याकाळी फुकट घरी सोडायचा, कारण तेच. आणि त्या दोघी तर एकाच घरात राहतात. चार वर्षं दोघी एकमेकींपासून आपापलं विशेष लपवत होत्या आणि त्या लपवलेल्या पैशातून एकमेकींना भेटी देत होत्या. धाकटी रडत म्हणाली, "ताई, मग ते पैंजण तू मला कीव येऊन दिलेस?" थोरली म्हणाली, "आणि तुझी साडी?"

त्या क्षणापासून सगळ्यांनी आपापली दया परत घेतली. संप वगैरे काही झाला नाही गं, प्रत्येकजण आपलं काम चोख करत होता. पण टोपली कुणी उचलून देईना, तेव्हा बाईंचा रोलर अडला. डबा मिळेना, तेव्हा ड्रायरवाला जेवायला बाहेर गेला आणि ड्रायर तापून बंद पडला. बहिणी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या, आणि पाठमोरं उभं राहून डबल बेडची चादर घडी करता येते का, हे तूच करून बघ. गाडीवाला गाडीत बसून राहिला, कारण द्यायला मालच नव्हता. दुपारी तीनला सगळी लॉन्ड्री ठप्प. त्या दिवशी मला कळलं की अठरा वर्षं हा धंदा साबणावर चालत नव्हता, कीव येण्यावर चालत होता.

मालक धावत आले. तक्ता बघितला. मला कोठीत नेलं, दार लोटलं आणि तिथेही कुजबुजतच म्हणाले, "तुला मी वेगळा समजत होतो." (हे मात्र खरं असावं.) पहिल्या तारखेच्या आत हे निस्तरलं नाही तर हॉटेल जाईल, आणि हॉटेल गेलं तर तू जाशील, असं त्यांनी सांगितलं. मी बाहेर आलो तर मालकीणबाई तक्त्यासमोर. त्यांनीच मघाशी तुला फोन केला होता आणि माझा उद्धार केला होता. पण आता त्या बोट लावून एकेक ओळ वाचत होत्या. सहा ओळी संपल्या, तशा त्यांनी पुठ्ठा उलटून मागची बाजू बघितली. मग म्हणाल्या, "बारा वर्षं सकाळी आठपासून मी गल्ल्यावर बसते. माझी ओळ कुठंय?"

मालक त्यांच्या कानाशी गेले. आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत, पण मालकीणबाई मोठ्याने म्हणाल्या, "हो, माझं तर फारच वेगळं आहे! मला पाकीटच नाही!"

तिथून पुढे सूत्रं त्यांच्या हाती गेली. बुधवारी घड्यांच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसलो. सल्लागारांना पूर्ण एक तास घेतला, आणि त्यांनी आल्या आल्या मागचं वाक्य पुरं केलं: "...मात्र ज्याचा त्याला." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पगार ठरवायला सुरुवात झाली. पैसे तेवढेच, आणि त्यातून मालकीणबाईंची ओळही काढायची. शेवटी त्यांनी मालकांच्या स्वतःच्या नावापुढे पहिल्यांदाच एक आकडा घातला, तो गल्ल्यातून उचलायची त्यांना सवय होती त्याच्या निम्मा निघाला, आणि सगळं बसलं. थोरल्या बाईंना सगळ्यांत जास्त, यावर दुमत नव्हतं. त्यांच्याखाली ड्रायरवाला, कारण त्याला बाईंच्या खाली चालत होतं पण गाडीवाल्याच्या खाली नाही. बहिणींत थोरलीला धाकटीपेक्षा दहा जास्त, कारण तेवढ्यावर ती बोलायला तयार झाली. अडला फक्त गाडीवाला. त्याच्याखाली कोणीच नव्हतं. मग सगळ्यांची नजर पुन्हा माझ्याकडे वळली. माझा आकडा उतरत उतरत कायद्याने ठरलेल्या किमान पगाराच्या एक पैसा वर येऊन टेकला, तेव्हा सगळ्या टेबलाभोवती जो सुटकेचा सुस्कारा पसरला, तो तुला ऐकवायला हवा होता.

गुरुवारी रोलर सुरू झाला. थोरल्या बाईंनी डब्यातले दोन घास माझ्यापुढे ठेवले. ड्रायरवाल्याने माझी टोपली उचलली. गाडीवाला खाकरून म्हणाला, "चल, तुला सोडतो." मी म्हटलं, मी इथेच वरच्या माळ्यावर राहतो. तर म्हणाला, मग एक चक्कर मारून आणतो. बहिणींनी मला एक सदरा दिला. मावशी, पाच माणसांची कीव एकट्याने खाणं सोपं नाही, पण मी टिकून आहे. तुझ्या नावाला बट्टा लागलेला नाही, एवढंच कळवायचं होतं. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. काकांना नमस्कार, आणि तू जिना चढू नकोस.

तुझाच,
भिंगरी

ता.क. एक बारीकसं राहिलं. सल्लागारांनी तक्ता तपासला तेव्हा सगळ्यांच्या ओळी भरलेल्या निघाल्या, माझी सोडून. फंडाच्या अर्जात कायमचा पत्ता असा रकाना आहे. मी माळ्याचा पत्ता घातला तर ते म्हणाले, कामाच्या जागीच राहतो म्हटलं तर तुझे तास कोण मोजणार? बाकीच्या नऊ जागांचे पत्ते सांगितले, ते त्यांनी लिहूनच घेतले नाहीत. पत्ता नाही तर फंड नाही, फंड नाही तर ओळ नाही, आणि ओळ रिकामी दिसली तर हॉटेलवाला पाठ फिरवणार. म्हणून मालक म्हणतात, पत्ता आण नाहीतर जा. गाडीवाला तर हात जोडून म्हणाला, "काहीही कर, पण आमच्या खालून जाऊ नकोस." तर तुझ्या घराचा पत्ता घालू का?

दुसरा ता.क. वारस म्हणूनही एक नाव लागतं. तुझं घालतो. मी कामावर असताना मेलो तर तुला बरी रक्कम मिळेल, जिवंतपणी माझ्याकडून जेवढी मिळाली त्याहून नक्कीच जास्त. हुरळून जाऊ नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे.

तिसरा ता.क. 'घालू का' हे विचारायचं म्हणून विचारलं. अर्ज कालच भरून दिला, तारीख जवळ होती. फंडाच्या कचेरीतला एक माणूस चौकशीला तुझ्याकडे येईल, हा इसम इथे राहतो का म्हणून. हो म्हण, आणि आत्ताच बाहेर गेलाय म्हण. तो माणूस दाराशी चपलाही बघतो, असं सल्लागार म्हणाले. म्हणून माझी एक जोडी पार्सलने पाठवतो आहे. काकांच्या चपलांशेजारी ठेव. डावीचा अंगठा सुटलाय, तो शिवून घेऊ नकोस, नवी दिसली तर संशय येईल. आणि चौकशी होऊन गेली तरी ती जोडी तिथून हलवू नकोस.